दाश्कोवा नुसती नावाची अध्यक्ष होती का? रशियन शब्दकोशाच्या ११ वर्षांबद्दल

माझ्या बॅचमधल्या एका मुलीनं विचारलेला प्रश्न आहे. तिनं कुठेतरी वाचलं की अठराव्या शतकात रशियन भाषेला प्रमाण रूप द्यायच्या कामात बायकांचं नेतृत्व होतं, पण नावं बघायला गेली तर सगळे पुरुषच, फॉनविझिन, देर्झाविन, लेप्योखिन, आणि त्यांच्यात एकटी प्रिन्सेस दाश्कोवा, पहिला मोठा कोश करणाऱ्या रशियन अकादमीची अध्यक्ष. मग ती खरंच काम करत होती, की राणी कॅथरीनची मैत्रीण म्हणून खुर्चीत बसवली होती?

क्लासमध्ये ५ मिनिटांत उत्तर दिलं पण समाधान झालं नाही, म्हणून इथे नीट लिहितेय. मी गेली २५ वर्षं पुण्यात रशियन शिकवते, भाषांतरं करते, आणि मधली ४ वर्षं एका परिभाषाकोशाच्या कामात होते. ते शेवटचं मुद्दाम सांगितलं, कारण दाश्कोवाचं मोठेपण मला पुस्तकं वाचून जेवढं कळलं त्यापेक्षा त्या ४ वर्षांत जास्त कळलं.

आधी प्रिन्सेसचं. ती राजाची मुलगी नव्हती. वोरोंत्सोव्ह या बड्या सरदार घराण्यात १७४३ साली जन्मली, काका मिखाईल वोरोंत्सोव्ह रशियाचे चॅन्सेलर, त्यांच्याच घरी वाढली. क्न्याज हा सरदारी किताब असलेल्या मिखाईल दाश्कोव्हशी लग्न झालं म्हणून क्न्यागिन्या, आणि त्याचं इंग्रजीत प्रिन्सेस होतं. आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, या मुलीला रशियन नीट येत नव्हतं! त्या काळच्या पीटर्सबर्गच्या मोठ्या घरांत मुलांना फ्रेंच आधी यायचं, काकांच्या घरी तिला ४ भाषा शिकवल्या पण रशियन आपलं नोकरचाकरांशी बोलण्यापुरतं. लग्न होऊन मॉस्कोला सासरी गेली तर सासूबाईंना रशियनशिवाय काही येत नाही, मग सासूशी बोलता यावं म्हणून ती मन लावून रशियन शिकायला बसली, हे तिनं स्वतः आठवणींत लिहून ठेवलंय. तेव्हा ती १६-१७ वर्षांची असेल.

दुसरीकडे राणी कॅथरीन. ती तर जन्मानं जर्मन, श्टेटिन शहरातली, १७४४ साली १४ वर्षांची असताना रशियात आली आणि रात्री उठून अनवाणी फेऱ्या मारत रशियनचे धडे पाठ करायची, त्यात थंडी भरून फार आजारी पडली होती. पुढे तिनं रशियनमध्ये नाटकं लिहिली, लेख लिहिले, पण शुद्धलेखन शेवटपर्यंत कच्चं, सेक्रेटरी दुरुस्त करून द्यायचे. म्हंजे ज्या दोघींच्या पुढाकारानं रशियनचा पहिला मोठा कोश झाला, त्या दोघींनी ही भाषा कळत्या वयात मेहनत करून मिळवलेली होती. मला हे शिक्षक म्हणून फार जवळचं वाटतं. आईच्या मांडीवर शिकलेल्या भाषेत नियम आहेत हे माणसाला जाणवतच नाही. मोठेपणी शिकणाऱ्याला मात्र रोज अडतं, हा शब्द कुठल्या दर्जाचा, आघात म्हणजे बोलताना जोर कुठे द्यायचा, हे क्रियापद पुढे कसं चालतं, आणि विचारायला गेलं तर सांगणारं पुस्तकच नाही.

आणि खरंच नव्हतं. पीटर द ग्रेटनं १७०८ ते १७१० मध्ये लिपी सोपी करून घेतली, पण भाषेत तेव्हा सगळा गोंधळ होता. चर्चची जुनी स्लाव भाषा एकीकडे, कचेरीची भाषा दुसरीकडे, पीटरच्या काळात आलेले डच-जर्मन शब्द, वरून दरबारात फ्रेंच. लोमोनोसोव्हनं व्याकरण लिहिलं (तारीख १७५५ ची, छापून आलं १७५७ ला) आणि १७५८ मध्ये उच्च, मध्यम, साधी अशा ३ शैलींची मांडणी केली, तो पाया भक्कम होता. पण नियम सांगणारा एक विद्वान असणं वेगळं, आणि हजारो शब्द एकेक करून हातात घेऊन याचा अर्थ हा, याची शैली ही, असं सगळ्यांनी मिळून ठरवणं वेगळं. दुसरं काम संस्थेचं असतं. फ्रेंचांची अकादमी १६३५ पासून होती, इटालियन लोकांच्या क्रुस्का अकादमीचा कोश १६१२ लाच आला होता, रशियात काहीच नव्हतं.

१७६२ च्या जूनमध्ये कॅथरीननं नवऱ्याला, तिसऱ्या पीटरला पदच्युत करून गादी घेतली, त्यात १९ वर्षांची दाश्कोवा बरोबर होती, आणि तिची सख्खी मोठी बहीण त्याच पीटरची प्रेयसी होती! पण नंतर दोघींचं फारसं जमलं नाही. दाश्कोवा १७६४ मध्ये विधवा झाली, मुलांना घेऊन युरोपात हिंडली, दिदरो, व्होल्तेअर यांना भेटली, मुलाच्या शिक्षणासाठी एडिनबरोला राहिली, तिथे अ‍ॅडम स्मिथ, रॉबर्टसन अशा मंडळींत उठबस. १७८२ ला परत आली, आणि जानेवारी १७८३ मध्ये कॅथरीननं तिला पीटर्सबर्गच्या सायन्स अकादमीची डायरेक्टर केलं. ती आधी नाहीच म्हणाली, रात्री बसून नकाराचं पत्र लिहिलं, पण राणी ऐकेना. तेव्हा "राणीची मैत्रीण म्हणून बसवली" हे अर्धंच खरं आहे, त्या काळात कुठलीही नेमणूक दरबारातूनच व्हायची, तिच्या आधीच्या पुरुषांचीही तशीच झालेली. बघायचं ते नेमणुकीनंतर काय केलं.

पहिल्याच मीटिंगला तिनं काय केलं ते ऐका. गणितज्ञ ऑयलर, तेव्हा म्हातारा, डोळ्यांनी दिसत नव्हतं, भांडणांना कंटाळून त्यानं अकादमीत यायचं सोडलेलं. ही त्याच्या घरी गेली, विनंती केली, आणि त्याला सोबत घेऊनच सभेत आली. मानाच्या खुर्चीवर दुसरे एक प्रोफेसर बसायच्या बेतात दिसले, तेव्हा ती ऑयलरला म्हणाली की तुम्ही हवं तिथे बसा, तुम्ही बसाल ती खुर्ची पहिली. हे तिच्याच आठवणींत आहे, त्यामुळे तिच्या बाजूनं सांगितलेलं आहे हे धरूनच वाचायचं, पण एका वाक्यात तिनं सगळ्या सभेला सांगून टाकलं की इथे मान कामावर मिळेल.

मग तिनं भाषेच्या बाबतीत जे केलं ते सहसा कुणी सांगत नाही आणि मला ते कोशाइतकंच मोठं वाटतं. सायन्स अकादमीत जर्मन विद्वानांचा भरणा, कामकाज लॅटिन-फ्रेंचमध्ये. दाश्कोवानं तिथे उन्हाळ्यात फुकट जाहीर व्याख्यानं सुरू केली, रशियन भाषेत. कोतेल्निकोव्ह गणितावर, ओझेरेत्स्कोव्हस्की निसर्गविज्ञानावर, ऐकायला गरीब घरचे तरुण, खालच्या हुद्द्यावरचे अधिकारी. आता गणित समोरच्या माणसाला रशियनमध्ये समजावून सांगायचं म्हटलं की शब्द लागतातच, ते बनवावे लागतात, बोलून घासावे लागतात. शिवाय लोमोनोसोव्हचं समग्र लेखन १७८४ ते १७८७ मध्ये ६ भागांत छापून काढलं. आणि १७८३ लाच एक मासिक काढलं, रशियन भाषेच्या प्रेमींचा सोबती अशा अर्थाचं नाव, १६ अंक निघाले. पहिल्या अंकात देर्झाविनची फेलित्सा ही कविता, पुढे राणीचं स्वतःचं लेखन, आणि फॉनविझिननं त्यात समानार्थी शब्दांमधले बारीक फरक सांगणारं सदर लिहिलं. कोशाची तालीमच म्हणा ना, तीही लोकांसमोर!

आता मुख्य गोष्ट, रशियन अकादमी. ही सायन्स अकादमीपेक्षा वेगळी संस्था, फक्त भाषेसाठी. दाश्कोवा लिहिते की त्सार्स्कोये सेलो इथल्या राजवाड्याच्या बागेत राणीबरोबर फिरताना रशियन भाषेच्या सौंदर्यावर बोलणं निघालं, ती म्हणाली आपल्याला फक्त नियम आणि एक चांगला कोश हवाय, बाकी भाषा कुठल्याही भाषेच्या तोडीची आहे, आणि मग राणीनं तिलाच आराखडा करायला सांगितला. ३० सप्टेंबर १७८३ ला फर्मान निघालं, २१ ऑक्टोबरला उद्घाटन, अध्यक्ष दाश्कोवा. त्या काळात कुठल्या देशात दोन राष्ट्रीय अकादम्या एका बाईच्या हाताखाली होत्या असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

सभासदांची यादी बघा म्हणजे काम किती कठीण होतं ते कळेल. नोव्हगोरोदचे धर्मगुरू मेट्रोपॉलिटन गाव्रिईल, विनोदी नाटककार फॉनविझिन, कवी देर्झाविन, इतिहासकार बोल्तिन आणि श्चेरबातोव्ह, जे एकमेकांविरुद्ध लिहीत होते, खगोलशास्त्रज्ञ रुमोव्हस्की, सेनापती पोत्योमकिन. कायम सेक्रेटरी लेप्योखिन, जो मुळात निसर्गशास्त्रज्ञ आणि भटक्या. ही सगळी माणसं एका टेबलाभोवती बसवून "शब्द म्हणजे काय" यावर एकमत करायचं!

इथे माझा अनुभव सांगते. आमच्या परिभाषाकोशाला तज्ज्ञ चांगले होते, पैसेही होते. क पर्यंत छान चाललं आणि मग नोंदींचा क्रम कसा लावायचा यावर दोन संपादकांचं फाटलं, मीटिंगा पुढे ढकलल्या जायला लागल्या, कार्डं ड्रॉवरमध्ये राहिली, आणि कोश आजही निघालेला नाही. शब्द कमी पडले म्हणून कोश अडत नाही हो, निर्णय कोण घेणार आणि कधी घेणार, इथे अडतो. म्हणून १७८३ ला सुरुवात आणि १७९४ ला सहावा खंड बाहेर, हे आकडे वाचले की माझ्या अंगावर काटा येतो. ४३,२५७ शब्द, ६ खंड, ११ वर्षं. फ्रेंच अकादमीला पहिल्या कोशाला अर्ध्या शतकाहून जास्त लागलं, तो निघाला १६९४ ला.

कसं केलं? आधी अक्षरं वाटून दिली. देर्झाविनकडे त, फॉनविझिनकडे क आणि ल, अशी. प्रत्येकानं आपल्या अक्षराचे शब्द जमवायचे, जुनी पुस्तकं, धर्मग्रंथ, कायदे वाचून. दाश्कोवानं स्वतःकडे रशियन वर्णमालेतली त्स, श, श्च ही अक्षरं घेतली आणि ७०० च्या वर शब्द दिले. वरून नीती, राजकारण, राज्यकारभार यातल्या शब्दांचे अर्थ लिहिण्याचं कामही तिनं केलं. थांबून विचार करा, सद्गुण, कायदा, सत्ता असल्या शब्दांची व्याख्या करायची आहे, निरंकुश राजवट आहे, छापणार सरकारी छापखाना, आणि पहिला खंड निघतोय १७८९ ला, म्हणजे पॅरिसमध्ये बास्तीयचा तुरुंग पडून फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली त्याच वर्षी. असल्या शब्दाच्या नोंदीत एक विशेषण चुकलं तर थेट राणीकडे तक्रार जाणार. ही जोखीम अध्यक्षानं स्वतः उचललेली आहे, हाताखालच्यावर ढकललेली नाही.

मग सगळ्यात मोठा वाद, क्रम कुठला? बोल्तिनचा आग्रह सरळ वर्णक्रमाचा होता. अकादमीनं ठरवलं धातूवार, म्हणजे एका मुळातून निघालेले सगळे शब्द त्या मुळाखाली एकत्र. आपल्याकडे शाळेत संस्कृतला शिकवायचे ना, आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो पण धातू एकच, अगदी तसंच. रशियनमध्ये व्खोद म्हणजे आत जायची वाट, विखोद बाहेर पडायची, प्रिखोद येणं, हे वर्णक्रमात तीन टोकांना जाणार, या कोशात मात्र एकाच मुळाखाली भेटतात. शोधायला त्रास होतो हे खरंय, मी स्वतः सुरुवातीला वैतागले होते, त्यात क्रियापदं मूळ रूपात नाहीत तर "मी करतो" अशा पहिल्या पुरुषी रूपात दिलेली. दरबारातही यावर टीका झाली, राणीनंही विचारलं की वर्णक्रम का नाही, आणि दाश्कोवानं उत्तर दिलं की दुसरी आवृत्ती वर्णक्रमानं काढू. झालीही, १८०६ ते १८२२ मध्ये, ५१,३८८ शब्दांची. पण माझं मत विचाराल तर पहिल्यांदा धातूवार लावणं हा बरोबर निर्णय होता. भाषेचं प्रमाणीकरण करताना आधी शब्दांची कुळं लावावी लागतात. एकदा कुळ कळलं की स्पेलिंग कुठलं धरायचं हा अर्धा प्रश्न आपोआप सुटतो, उच्चार काहीही होवो, मूळ तेच लिहायचं. आजचं रशियन शुद्धलेखनही मुख्यतः याच तत्त्वावर चालतं, म्हणूनच आम्ही मुलांना सांगतो की शंका आली तर त्याच कुळातला दुसरा शब्द आठव.

शिवाय प्रत्येक शब्दाला आघात दाखवला, व्याकरण दिलं, आणि हा चर्चच्या भाषेतला, हा जुना, हा सामान्य लोकांच्या बोलण्यातला अशी खूण केली. लोमोनोसोव्हचा शैलींचा विचार आता शब्दाशब्दाला चिकटला. चांगला रशियन पर्याय असेल तिथे परके शब्द ठेवले नाहीत. कवी पुष्किननं येवगेनी ओनेगिन या पद्य-कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात या कोशाचा उल्लेख केलाय, लेखक करामझिननं १८१८ च्या भाषणात लिहिलं की परदेशी लोकांनी रशियाकडे आश्चर्यानं बघावं अशा गोष्टींपैकी हा कोश आहे.

आता यो (ё) या ठिपकेवाल्या अक्षराबद्दल, कारण गूगल केलं की दाश्कोवा म्हटल्यावर पहिलं तेच येतं. गोष्ट अशी सांगतात की १८ नोव्हेंबर १७८३ च्या बैठकीत तिनं योल्का, म्हणजे सुचीपर्णी झाडाचं नाव, देर्झाविनला लिहायला लावलं, त्यानं सुरुवातीच्या यो साठी इ आणि ओ अशी दोन अक्षरं लिहिली, तेव्हा तिनं विचारलं की एका आवाजाला दोन अक्षरं कशाला, आणि मग ये (е) च्या डोक्यावर दोन टिंबं देऊन यो हे अक्षर सुचवलं. गोष्ट गोड आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नका असं मी सांगते. छापील पुस्तकात हे अक्षर पहिल्यांदा दिसतं ते १७९५ ला, दिमित्रियेव्हच्या कवितासंग्रहात, व्स्यो म्हणजे सगळं या शब्दात. लोकांच्या नजरेत आणलं करामझिननं १७९६ मध्ये, आणि त्याच्या गावी उल्यानोव्हस्कला २००५ मध्ये या अक्षराचं स्मारक उभं राहिलं. कोशाचे सहाही खंड तर त्याआधीच, १७९४ पर्यंत संपलेले. ४३ हजार शब्दांचं काम तडीस नेणाऱ्या बाईची ओळख दोन टिंबांवर आणून ठेवली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

"बायकांचं नेतृत्व" या शब्दांबद्दलही सावध राहायला हवं. नेतृत्व होतं, पण ते दोन बायकांचं, दोघी सत्तेच्या अगदी वरच्या पायरीवरच्या. अकादमीच्या सभासदांत दाश्कोवाशिवाय बाई नव्हती. लिहिणाऱ्या होत्या, येकातेरिना क्न्याझनिना, कवयित्री उरुसोवा, भाषांतर करणाऱ्या होत्या, १७६४ ला स्मोल्नी इन्स्टिट्यूट निघालं ते रशियातलं मुलींचं पहिलं सरकारी शिक्षणगृह, पण कोशाच्या टेबलावर त्यांना जागा नव्हती. १८११ मध्ये लेखक शिश्कोव्हच्या मंडळींनी साहित्यिक सभा काढली तेव्हा बुनिना, वोल्कोवा, उरुसोवा या तिघींना मानद सभासद केलं, तेही मानदच. कॅथरीनचं दुसरं काम मात्र इथे सांगायलाच हवं, तिनं जगातल्या भाषांचा तुलनात्मक शब्दसंग्रह स्वतः हाती घेतला, याद्या केल्या, मग पालास या विद्वानाकडून संपादित करून १७८७ ते १७८९ मध्ये छापला, २०० भाषांतले शब्द, त्यात हिंदुस्थानातल्या भाषाही आहेत. तिचा कल जगभर पसरण्याकडे आणि दाश्कोवाचा खोल एका भाषेत उतरण्याकडे, मला दाश्कोवाचंच काम जास्त टिकाऊ वाटतं.

शेवट चांगला झाला नाही. १७९३ मध्ये अकादमीच्या छापखान्यातून क्न्याझनिनचं वादिम हे नाटक छापलं गेलं, नाटककार २ वर्षांपूर्वीच वारला होता. नोव्हगोरोदच्या बंडखोराची गोष्ट, फ्रान्समध्ये राजाला मारून झालेलं, राणी भडकली, प्रती जाळायचा हुकूम निघाला. १७९४ ला, सहावा खंड आला त्याच वर्षी, दाश्कोवा रजा घेऊन निघून गेली. १७९६ ला कॅथरीन गेली, मुलगा पॉल गादीवर आला, त्यानं हिला सगळ्या पदांवरून काढलं आणि उत्तरेकडच्या कोरोतोवो गावात हद्दपार केलं, थंडीत, एका शेतकऱ्याच्या घरात. १८०१ ला नवा झार आल्यावर अकादमीच्या लोकांनी परत या म्हटलं, ती आली नाही. १८०४-०५ मध्ये आठवणी लिहिल्या त्या फ्रेंचमध्ये. १८१० ला वारली.

त्या मुलीला मी हेच सांगितलं की चरित्रं नंतर वाच, आधी कोश उघड. सहाही खंड स्कॅन करून नेटवर आहेत. जुनी अक्षरं २ दिवसांत सरावतात, बाकी तुला येतंच. थेट सहावा खंड घे, त्स, श, श्च ही अक्षरं त्यात आहेत, आणि एखादी नोंद पूर्ण वाच, आघात, खूण, अर्थ, उदाहरण, खालचं कुळ. नोंदीखाली कुणाची सही नाही, पण या पानांवरचे शब्द गोळा करणारा हात तिचा होता. १० नोंदी वाचून झाल्या की पुढच्या शनिवारी घेऊन ये, आपण बसू.